ओलं फडकं

लासुर्णे
१४ जुलै १९९५

ती. आप्पांस नमस्कार.

खुशाल आहे, असं लिहून पत्र सुरू करायचं असतं. मी ते लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात येईलच.

पिठाच्या गिरणीबाहेर लिंबाच्या पारावर बसून लिहिते आहे. आत पीठ उडतं, म्हणून डबा ठेवून मी बाहेर येते. बायका म्हणतात, बारामतीच्या पोरीला अंगावर पीठ उडालेलं चालत नाही. म्हणू देत. घरी बसून हे लिहिता आलं नसतं. तुमचं पत्र आलं की तुमचे जावई ते अंगणात सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. तेव्हा उत्तरात दम्याचं नावसुद्धा काढू नका.

आमच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तीही ज्वारीच्या पोत्यांनी अर्धी झाकलेली. वर लाकडी माळा. एका भिंतीला ओल आहे, तिच्यावर काळी बुरशी चढली आहे. कोपऱ्यात वाकळांची चवड पार आढ्यापर्यंत. पलंगावर कापसाची गादी, तिच्यावर घोंगडी. डॉक्टर विनयाताई मला जे जे टाळ म्हणाल्या होत्या, ते सगळं या एका खोलीत आहे. सकाळी उठले की शिंकांवर शिंका आणि छातीत शिट्टी. मी सर्दी आहे म्हणते. दम्याचा पंप ट्रंकेत, शालूच्या घडीत ठेवलाय. न्हाणीघरात जाऊन बादलीत पाणी सोडते आणि त्या आवाजात ओढते. आता तो संपत आलाय. योगिनीच्या हाती दुसरा पाठवा.

आई गेल्यावर आपल्या घरी जे करत होते तेच इथं हळूहळू चालू केलंय. केरसुणीऐवजी ओलं फडकं. वाकळा एकेक करून चुलाणावर उकळत्या पाण्यात. उशांना आतून प्लॅस्टिक शिवून घेतलंय. पण का करते ते सांगता येत नाही, त्यामुळे ते नखऱ्यासारखं दिसतं.

आप्पा, लग्न ठरताना तुम्ही म्हणाला होतात, महिनाभर थांब, मग मी जावई रामरावांना बाजूला घेऊन सगळं सांगतो. महिना कधीच होऊन गेला. थोरलीला दमा आहे हे कळलं तर योगिनीला कोणी विचारणार नाही, ही तुमची भीती मला कळते. पण श्वास मला घ्यायचा असतो. तुम्ही या आणि सांगा. माणसं वाईट नाहीत.

स्वप्नाली


लासुर्णे
२० ऑगस्ट १९९५

ती. आप्पांस,

योगिनी येऊन गेली. शेवयांच्या डब्याच्या तळाशी पंप मिळाला. त्याबरोबर तुमचा निरोपही मिळाला. ‘आणखी थोडं थांब.’

निरोप सांगताना तिची मान खाली होती. तिला यात घालू नका.

इथं काय झालं ते सांगते. घोंगडीवर झोपलं की पहाटे मला उठून बसावं लागतं. लोकरीत वर्षानुवर्षांची धूळ. कितीही झटकली तरी निघत नाही आणि झटकताना मलाच ढास लागते. गेल्या आठवड्यात मी ती घडी घालून पडवीत नेऊन ठेवली. शेळी बांधतात तिथं. ही घोंगडी सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, वडिलांनी स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची विणून घेतली होती, हे मला ठाऊक नव्हतं. कळप विकून जमीन केली तेव्हा आठवण म्हणून एवढी एकच वस्तू त्यांनी मागे ठेवली. आमच्या पलंगावर घातली ती मानानं घातली होती.

मामा शेतातून आले. त्यांना ती शेळीजवळ दिसली. हातानं झाडली, खांद्यावर टाकली आणि ओट्यावर जाऊन बसले. दुपारी ताटावर आले नाहीत, तेव्हापासून माझ्या हातचं जेवत नाहीत.

सासूबाई मात्र थांबल्या नाहीत. शेजारच्या साखरबाई दारात उभ्या होत्या तरी बोलल्या, “सकाळी फडकं, दुपारी फडकं. घर हाय का दवाखाना? आमी काय उकिरड्यात ऱ्हात हुतो व्हय इतकी वर्सं? आन् आता मेलेल्या मान्साची वस्तू शेळीखाली?”

“तसं नाही आत्याबाई.”

“मग कसं हाय ती सांग.”

मी तोंड उघडलं होतं, आप्पा. तुमचा निरोप आठवला आणि मिटलं.

यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, घोंगडी टोचते. हे म्हणाले, “टोचती? माझ्या आज्याची घोंगडी तुला टोचती?” दोन दिवस माझ्या हातचा डबा न घेता कारखान्यात पाळीवर गेले.

घोंगडी पुन्हा पलंगावर आली आहे. मी खाली फरशीवर झोपते. पाठ दुखते म्हणून सांगितलंय. आणखी एक खोटं. कुठलं कारण कुणाला सांगितलं हे आता मलाच लक्षात ठेवावं लागतं.

तुम्ही येणार नसाल तर मी सांगणार आहे. फार दिवस नाही थांबणार.

स्वप्नाली


लासुर्णे
२९ सप्टेंबर १९९५

आप्पा,

दवाखान्यात आलात, पण हे झालं कसं ते तुम्ही मला विचारलं नाहीत. म्हणून लिहिते.

घटस्थापनेच्या आधी इथं दसरा काढतात. म्हणजे अख्खं घर बाहेर. वाकळा कॅनॉलवर धुवायला, भांडी अंगणात घासायला, भिंती झाडून सारवायच्या. मला वाटलं होतं, हे तर माझ्या मनासारखंच काम. पण माळा झाडायचं काम घरच्या सुनेचं. वर जुना कडबा, लोकरीची विरलेली पोती, उंदरांच्या लेंड्या आणि वर्षाची धूळ. मी म्हणाले, आत्याबाई, आधी पाणी शिंपडू का?

“वल्लं केलंस तर चिखूल हुईल वर. कोरडंच झाड. नाकाला पदर बांध.”

नाही म्हणायला एकच कारण होतं आणि तेच सांगायचं नव्हतं. मी शिडीनं वर गेले.

पहिलं पोतं ओढलं आणि ते फाटलं. समोरचं काही दिसेना. मी खाली उतरले एवढं आठवतं. मग छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं झालं. हवा आत जाईना आणि आतली बाहेर येईना. ट्रंक अंगणात होती, भोवती बायका भांडी घासत होत्या. मी नुसता हात केला. कुणाला काही कळेना. कोण म्हणतं पाणी द्या, कोण म्हणतं कांदा हुंगवा. आत्याबाईंनी माझा हात कुठं जातोय ते पाहिलं. ट्रंक उघडली, एकेक लुगडं भिरकावत तळापर्यंत गेल्या आणि शालूतून पंप काढला.

“ह्योच का?”

मी मान हलवली. सगळ्यांच्या देखत ओढला. पण तेवढ्यानं भागलं नाही. चुलत सासरे दादासो यांची जीप आणली. गावातल्या डॉक्टरनी सुई दिली आणि थेट बारामतीला न्या म्हणाले. जीपमध्ये मी आत्याबाईंना टेकून बसले होते. पदराचं टोक ओलं करून त्या माझं तोंड पुसत होत्या. नाकातोंडातली धूळ निघून त्यांचा पदर काळा झाला. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, “कवापास्नं हाय ह्ये?” मला बोलता येत नव्हतं, हे त्या वेळी माझ्या पथ्यावर पडलं.

मग तुम्ही आलात. व्हरांड्यात त्यांनी तुम्हालाही तेच विचारलं. दार उघडं होतं, आप्पा. मी कॉटवरून ऐकत होते.

“लग्नाआधी पोरगी ठणठणीत होती,” तुम्ही म्हणालात. “तुमच्या घरातली धूळ बघा, मेंढराची लोकर बघा. तिथंच लागलंय हे. माझी धडधाकट पोरगी तुमच्या स्वाधीन केली होती मी.”

ज्या बाईनं ट्रंक उपसून माझा जीव वाचवला, तिच्या तोंडावर तुम्ही हे बोललात. हे शेजारी उभे होते. यांची मान खाली गेली. खरंच आपल्या घरानं बायकोला आजारी पाडलं, असं त्यांना वाटलं. मला ते बघवलं नाही. मी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढला आणि म्हणाले, “आप्पा खोटं बोलतात. मला लहानपणापासून दमा आहे. यांच्या घरानं काही केलं नाही.”

तुम्ही जिना उतरून गेलात. मागं वळून पाहिलं नाहीत. मी पाहत होते.

घरी आणलं तेव्हा एस्टीत हे खिडकीशी बसले होते. इंदापूर रस्त्याला लागल्यावर म्हणाले, “मला एकट्याला तरी सांगायचं हुतंस.”

आत्याबाई बोलत नाहीत. केरसुणीला हात लावू देत नाहीत, फडक्यालाही नाही. मी देवखोलीत एका चटईवर झोपते, कारण तिथं सामान कमी आहे. घट बसलेत म्हणून सगळे गप्प आहेत. दसरा झाला की दादासो काका बसणार आहेत, माझं काय करायचं ते ठरवायला. तुम्हाला बोलावणं येईल. या.

स्वप्नाली


लासुर्णे
११ ऑक्टोबर १९९५

आप्पा,

तुम्ही आला नाहीत. ताप आहे असा निरोप पाठवलात. तो ऐकून दादासो काका हसले. म्हणाले, “बाप बी आजारीच हाय म्हना की.”

ओट्यावर सतरंजी टाकली होती. पुरुष तिथं, आम्ही आतल्या दाराशी. दादासो काकांनी आडवळणानं सांगितलं नाही. “रोगी पोरगी गळ्यात मारली आपल्या. उद्या पोरंबाळं हुतील त्यास्नी बी हेच. फसवनूक ती फसवनूक. न्हेऊन घाला बारामतीला आन् मोकळं व्हा. रामला काय दुसरी मिळायची न्हाय व्हय?”

मामा तंबाखू मळत होते. हे खाली बघत होते. मला वाटलं हे काहीतरी बोलतील. बोलले, पण इतकंच, “आईला इचारा.”

तेव्हा मला फार राग आला त्यांचा. अजूनही थोडा आहे.

आत्याबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. पुरुषांच्या बैठकीत बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“फसिवलं ह्ये खरंच हाय भावजी. तिच्या बापाला म्या सोडनार न्हाय. पर म्या पंचमीपास्नं बघतीया. ज्या दिशी ही वल्लं फडकं मारती त्या दिशी हिला बरं असतंय. पाव्हणं आलं, फडकं ऱ्हायलं, की दुसऱ्या दिशी धाप. मला वाटलं नखरं करती. नखरं न्हवतं, जीव धरून ऱ्हात हुती.”

“पर वैनी, लपिवलं न्हवं?”

“लपिवलं. बापानं सांगितलं म्हनून लपिवलं. आन् तोच बाप दवाखान्यात आपल्या घरावर घान टाकाय लागला, तवा नाकावरची नळी काडून बापाला खोटं पाडलं हिनं. सोताचा संसार मोडंल ह्ये कळत हुतं तिला. तुमच्या-माझ्यात हाय का कुनी असं बोलनारं? म्या न्हाय न्हेऊन घालायची तिला.”

दादासो काका उठले, चपला घालून निघून गेले. चहा तसाच राहिला.

तुम्हाला वाटेल आता सगळं गोड झालं. नाही झालं. सगळे गेल्यावर आत्याबाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज तोच कडक होता. “वाकळा कशा उकळायच्या त्या दाव. लोकर कुठं ठिवायची ती सांग. पर येक ध्यानात ठिव. फिरून माझ्यापशी काय लपिवलंस, तर म्याच तुला यष्टीत बसवून यीन.”

मी हो म्हणाले. पाया पडायला वाकले तर त्या बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी यांनी सुट्टी काढली. ज्वारीची पोती एकट्यानं पाठीवर घेऊन पडवीत नेली. खिडकी मोकळी झाली. भिंतीतली ओल न्हाणीच्या फुटक्या मोरीतून येत होती, ती सिमेंटनं बुजवली. बुरशी खरवडून चुना मारला. चुना वाळेपर्यंत मला साखरबाईंकडे बसवलं होतं. साखरबाई मला काहीबाही विचारत राहिल्या आणि मी पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. इतकं हलकं वाटलं की जरा भीतीच वाटली.

घोंगडीचं मामांनी स्वतः ठरवलं. ओट्यावरच्या आपल्या बाजेवर घातली. म्हणाले, “माझी जागा भाईरच हाय. तिची बी.” एवढंच. पण आता ते माझ्या हातचं जेवतात.

तुमचा ताप उतरला असेल अशी आशा करते.

स्वप्नाली


लासुर्णे
२८ जानेवारी १९९६

आप्पा,

योगिनीच्या चिठ्ठीवरून कळलं की बावड्याचं स्थळ आलंय आणि तुम्ही त्यांना लासुर्ण्याचा पत्ता दिला नाहीत. थोरली कुठं दिलीय ते मोघम सांगितलंत. तरी ते आलेच. सोयरीक करायची म्हटल्यावर माणसं चौकशी करणारच, तुम्ही पत्ता द्या न द्या.

काल दुपारी मुलाचे वडील बापूसाहेब आणि त्यांच्या पत्नी प्रयागबाई आले. मी अंगणात वाकळा दोरीवर घालत होते. दर आठवड्याला काही वाकळा निघतात आता, आत्याबाईंनी वार ठरवून टाकलाय. माझी छाती बरी आहे, थंडी असूनही. पंप लागतो, पण क्वचित, आणि तो देवळीत सगळ्यांना दिसेल असा असतो. पाहुणे आलेले पाहिले आणि हातातली वाकळ मी तशीच बादलीत टाकली. योगिनीचं आयुष्य आता या ओट्यावर ठरणार होतं. आत्याबाईंना बदला घ्यायचा असता तर याहून चांगली वेळ नव्हती. खरं सांगायचं तर मला वाटलं, त्यांनी आज खोटं बोलावं. मनातल्या मनात मी त्यासाठी देवाचं नाव घेतलं. चार महिन्यांपूर्वी तुम्हाला खोटं पाडणारी मीच.

पाणी झालं, गूळ झाला, चहा आला. बापूसाहेबांनी सरळ विचारलं, “धाकटी आमाला पसंत हाय. पर थोरलीच्या तब्येतीचं काय कानावर आलंय. खरं का?”

मामांनी आत्याबाईंकडे पाहिलं.

“खरं हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “थोरलीला दमा हाय. आमाला लगनात सांगितला न्हाय. तुमाला म्या सांगतीया. धाकटीला न्हाय. म्या तिला बघितलीया, जिना पळत चढती. पर फुडं कुनाला काय हुईल ती माझ्या हातात न्हाय, तुमच्या बी न्हाय. ही बगा, हुबी हाय की समोर. घरचं सगळं करती. घर पुसून, वाकळा उकळून ऱ्हाती, आमी बी करू लागतो. यवडंच हाय त्येच्यात.”

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. “बरं. इचार करून कळवू,” म्हणाले आणि टोपी घातली. इतकी वर्षं तुम्ही ज्या वाक्याला भीत होतात ते वाक्य, आप्पा. मी ऐकलं.

ते फाटकाकडे निघाले. प्रयागबाई उठल्या, पण त्यांच्यामागं गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, “खोली दावतीस का तुझी?”

आत आल्या. पलंगावर हात फिरवला. उशीचं प्लॅस्टिक दाबून पाहिलं. खिडकी, भिंत, रिकामा माळा, सगळं निरखलं. मग दाराकडे एकदा बघून हळू आवाजात विचारलं, “असं केल्यावर किती दिसांत फरक पडतोय?”

“कुणासाठी?”

त्यांचे डोळे भरले. “आमच्या थोरल्याची ल्येक. रातरात बसून काडती. शाळंत बी घातली न्हाय तिला. लोकं इचारतील म्हनून कुनापशी बोललो न्हाय. हेंनी सांगितलंय, घरातली गोष्ट घरातच ठिवायची. फुडं पोरीचं लगीन व्हायाचं हाय म्हनं. सा वर्साची हाय ती.”

मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात दारात सावली पडली. बापूसाहेब बायकोला बोलवायला परत आले होते. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता हे तिला बोलतील. त्यांनी टोपी काढली, ओट्यावर येऊन पुन्हा सतरंजीवर बसले आणि आत्याबाईंना म्हणाले, “वैनी, आनखी येक कप चा टाका.”

संध्याकाळपर्यंत बसले होते. औषध कोणतं, डॉक्टर कोण, वाकळ किती वेळ उकळायची, पाळीव मांजर असलं तर चालतं का. मी डॉक्टर विनयाताईंचं नाव दिलं आणि आधी तिकडं न्या, धुणंपुसणं त्याच्या जोडीला, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. योगिनीच्या सोयरिकीचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. होईल, न होईल, मला सांगता येणार नाही.

गुरुवारी आत्याबाई आणि मी बावड्याला जाणार आहोत, त्या मुलीची खोली बघायला. आत्याबाईंनी आत्ताच नवीन फडकी फाडून ठेवलीत. दुसऱ्याच्या घरात काय काय चुकतंय हे सांगायला मिळणार म्हणून त्या खुशीत आहेत, असा मला संशय आहे.

त्याआधी तुम्ही इथं यायचं आहे. हा निरोप त्यांचाच. त्यांनी सांगितला तसा लिहिते. “तुज्या बापाला म्हनावं, बुधवारी ये. म्या बोलनार हाय, त्यानं ऐकून घ्यायचं. मग त्याला काय बोलायचं आसंल ती त्यानं बोलायचं. मग जेवाय बसायचं.”

ताप आला तरी या. मी तिथंच बसलेली असेन. तुमच्या बाजूला की त्यांच्या, ते तुम्ही काय बोलता त्यावर आहे.

स्वप्नाली